मुंबईच्या गॅलरीसाठी बाहेरचे ब्लाइंड: आधी वारा, मग पाऊस, शेवटी कापड

मुंबईत घराला गॅलरी असणं हीच मोठी गोष्ट आहे. पण एप्रिल-मेमध्ये ऊन तावतं आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड आत येते, त्यामुळे वर्षातले निम्मे दिवस ती नुसती कपडे वाळत घालायची जागा होऊन बसते. बाहेरून नीट बसवलेला ब्लाइंड, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, ही जागा घराला परत मिळवून देतो. अडचण अशी की बहुतेक घरांत खरेदी कॅटलॉगपासून सुरू होते. रंग ठरतो, कापड ठरतं, मग माप घेतलं जातं, आणि वाऱ्याचा विचार जुलैत पडदा रात्रभर आपटायला लागल्यावर होतो. हा क्रम उलटा करा, असं मी आग्रहाने सांगेन. पडद्याच्या दोन कडा आणि खालची दांडी कशी धरून ठेवली जाणार, हे आधी ठरलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

गॅलरीचं तोंड कुठे आहे?

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो आणि ते ऊन छज्जाच अडवतो. त्रास होतो तो तिरक्या उन्हाचा. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीननंतर ऊन छज्ज्याखालून थेट हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पोचतं. अशा ठिकाणी पुढे झुकणारं ऑनिंग फारसं कामाचं नाही, वरून खाली सरळ येणारा पडदाच हवा.

दक्षिणेच्या गॅलरीत उन्हाळ्यात ऊन कमी आणि हिवाळ्यात जास्त येतं. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो. पूर्वेला सकाळचं ऊन, तेही बऱ्याच जणांना हवंहवंसं. उत्तरेची गॅलरी सुरक्षित समजली जाते, पण मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो, तेव्हा संध्याकाळी तिथेही तिरीप येते.

पावसाचं गणित वेगळं. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू सर्वांत जास्त भिजते. ज्यांची गॅलरी पश्चिमेला आणि समोर मोकळं मैदान, खाडी किंवा समुद्र आहे, त्यांना ऊन आणि झड दोन्ही पूर्ण जोराने सोसावी लागते. समोर पंधरा-वीस फुटांवर दुसरी इमारत असेल तर गरज बरीच कमी होते. मात्र दोन टॉवरच्या मधल्या बोळातून वारा आणखी जोरात येतो, हे लक्षात ठेवा. एखाद्या जोरदार पावसाच्या दिवशी पाणी नेमकं कुठपर्यंत येतं, तिथे खडूने खूण करून ठेवा. कारागिराला ती खूण दाखवली की निम्मं बोलणं वाचतं.

तिथे नक्की काय करायचं आहे?

संध्याकाळी चहा घेऊन बसायचं आहे, की वॉशिंग मशीन आणि चपलांचं कपाट कोरडं ठेवायचं आहे? समोरच्या घरातून दिसू नये एवढंच हवं आहे का? एकच पडदा हे सगळं करत नाही. जाळीच्या पडद्यातून हवा येते, ऊन अडतं, पण बारीक तुषार आत येतातच. पारदर्शक पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पत्रा, पाणी थांबवतो, पण त्यातून हवा जात नाही आणि उन्हात आतली जागा भट्टी होते. दोन्ही हवं असेल तर दोन थर लावावे लागतात किंवा एका बाजूला जाळी आणि झडीच्या बाजूला पीव्हीसी अशी विभागणी करावी लागते.

दोन गोष्टींबाबत तडजोड करू नका. गॅलरीत एसीचं आउटडोअर युनिट असेल तर त्याच्यासमोर पडदा बंद राहता कामा नये. गरम हवा कोंडली की कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वीजही जास्त जाते. पाइप गॅसची जोडणी किंवा गॅस गीझर तिथे असेल तर ती जागा कायम हवेशीर राहिलीच पाहिजे.

आणखी एक, घरात लहान मूल असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. ब्लाइंड म्हणजे संरक्षण नव्हे. पारदर्शक पडदा ताणून लावला की मुलाला समोर भिंत आहे असं वाटतं आणि ते त्यावर रेलतं. ग्रिल किंवा मजबूत जाळी आधी, ब्लाइंड नंतर. पडदा ओढायच्या दोरीचा किंवा साखळीचा फास लोंबकळत ठेवू नका, तो मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. दोरी गुंडाळायचा खुंटा मुलाच्या हाताला लागणार नाही इतका उंच बसवा.

वारा किती जोर लावतो

दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच पडदा घ्या. हे झाले ८० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्या पडद्यावर सुमारे ९० किलोचा जोर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला हाच आकडा साडेतीनशे किलोच्या वर जातो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले होते. इमारतींच्या रचनेसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात मुंबईचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. तेव्हा वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी कुठलाही पडदा खाली ठेवायचा नाही, तो गुंडाळून पक्का बांधायचा, हा घरचा नियम करून टाका.

दादरच्या एका जुन्या मिस्त्रींचं एक वाक्य मला फार पटलं आहे: "ताई, कापड कधी फाटत नाही, आयलेट उपटतं." पडदा निकामी होतो तो कडेला, जिथे आयलेट (भोकात ठोकलेली रिंग), दोरी किंवा पट्टी असते तिथे. म्हणून रुंद गॅलरीला एकच अखंड पडदा लावण्याचा मोह टाळा. दहा फुटांचे तीन भाग केले तर प्रत्येकावर तिसऱ्या हिश्शाचा जोर येतो, एक खराब झाला तर तेवढाच बदलता येतो आणि वारा नसलेल्या बाजूचा भाग उघडा ठेवता येतो. मधल्या फटीतून थोडं पाणी येईल, म्हणून पडदे एकमेकांवर दोन-तीन इंच चढतील असे बसवा.

पाचव्या-सहाव्या मजल्याच्या वर राहत असाल तर खालची दांडी कशी अडकवली आहे हे स्वतः हाताने ओढून पाहा. कापडाच्या खोळीत नुसता सरकवलेला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप वाऱ्यात बाहेर निसटू शकतो, आणि तो खाली रस्त्यावर पडला तर एखाद्याचा जीव जाईल. खोळीची दोन्ही टोकं शिवलेली किंवा स्क्रूने बंद केलेली हवीत. बसवून झाल्यावर नव्हे, ऑर्डर देतानाच हे लिहून द्या.

बाजारात काय काय मिळतं

बांबूची चिक सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत देखणी. कडेला नवार शिवलेली, दोरीने गुंडाळणारी. तिच्यातून वारा खेळतो आणि ऊन गाळून येतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या किंवा आडोशाच्या गॅलरीत ती छान टिकते. पावसाच्या थेट माऱ्यात मात्र तिला बुरशी धरते आणि बांबूला कीड लागते. आतून प्लास्टिक शिवून मिळतं, पण मग हवा जाणं बंद होतं आणि ओल आतच कोंडते. चिक लावायचीच असेल तर जूनच्या आधी उतरवून कोरड्या जागी ठेवायची तयारी ठेवा. जाता जाता, वाळ्याचे पडदे मुंबईत लावू नका. विदर्भातल्या कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं म्हणून तिथे गारवा मिळतो. इथली हवा आधीच दमट, त्यामुळे गारवा नाममात्र आणि ओलीचा वास मात्र घरभर.

पारदर्शक पीव्हीसीचे पडदे मुंबईत ‘मान्सून ब्लाइंड’ म्हणून विकले जातात. जाडी मायक्रॉनमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. फार पातळ पत्रा फडफडतो, फार जाड नीट गुंडाळत नाही. नमुना हातात घेऊन घडी घाला, दोन बोटांत दाबा आणि सोडा. घडीवर पांढरी रेघ कायमची उमटली तर तो पत्रा रोज गुंडाळताना तिथेच चिरत जाणार. मग उजेडासमोर धरून बघा. पलीकडच्या खिडकीची रेष वाकडीतिकडी दिसली तर रोज ते दृश्य तसंच दिसेल. उन्हाने पीव्हीसी पिवळा पडतो आणि कडक होतो, म्हणून तो पावसाळ्यापुरता वापरून बाकी वर्षभर गुंडाळून ठेवणं चांगलं.

हिरवी शेडनेट स्वस्त आणि हलकी. ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशी सावलीच्या प्रमाणात मिळते. कुंड्या असतील तर ५० ची पुरे, ९० च्या जाळीखाली फुलझाडं मलूल होतात. बसण्याच्या जागेला ती फारशी शोभत नाही, पण गच्चीवरच्या बागेला तिच्याइतकं सोपं काही नाही.

राहिला तो मुख्य पर्याय, बाहेर वापरायच्या जाळीदार कापडाचा रोलर. हे कापड पॉलिस्टरच्या धाग्यांवर पीव्हीसीचा लेप देऊन विणलेलं असतं. याचे दोन प्रकार आहेत. एकात कडा मोकळ्या असतात आणि पडदा दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या तारांवरून सरकतो. दुसऱ्यात कापडाच्या दोन्ही कडांना झिप असते आणि ती ॲल्युमिनियमच्या उभ्या पन्हळीत अडकून वर-खाली होते. उंच मजला, पश्चिमेची बाजू आणि रोज वापर असेल तर माझा कौल सरळ झिपच्या पडद्याला. कडा पूर्ण धरलेल्या असल्याने तो वाऱ्यात फुगतो, पण सुटत नाही, आणि बाजूने झडही येत नाही. खर्च बराच जास्त आहे. खालच्या मजल्यावर किंवा आडोशाला तारेवरचा पडदा पुरतो, तिथे झिपसाठी पैसे घालू नयेत. विक्रेत्याला विचारा की वाऱ्याच्या कुठल्या वर्गासाठी हा पडदा तपासलेला आहे. युरोपातल्या ईएन १३५६१ या मानकात बाहेरच्या पडद्यांचे असे वर्ग असतात आणि आयात मालाच्या माहितीपत्रकात ते छापलेले असतात.

जाळीची टक्केवारी आणि रंग

जाळीच्या कापडावर ३, ५, १० असे टक्के लिहिलेले असतात. ते भोकांचं प्रमाण आहे. पश्चिमेच्या उन्हाला ३ किंवा ५ टक्के घ्या, नुसत्या आडोशाला १० चालेल. गडद रंगातून बाहेरचं स्पष्ट दिसतं आणि डोळे दिपत नाहीत, फिकट रंग ऊन जास्त परतवतो पण बाहेरचं दृश्य धूसर होतं. रात्री आत दिवा लागला की कुठल्याही जाळीतून बाहेरच्यांना आतलं दिसतं, त्यामुळे आडोसा हाच हेतू असेल तर आत वेगळा कापडी पडदा लागेल.

गंज

समुद्रापासून जवळ असाल, म्हणजे वरळी, शिवाजी पार्क, वांद्र्याचं बँडस्टँड, वर्सोवा, मढ, तर सांगाड्याकडे कापडापेक्षा जास्त लक्ष द्या. खारा वारा साधं लोखंड फार लवकर खातो. पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हवेत. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार आहेत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. सांगाडा चांगला आणि स्क्रू साधे, हा प्रकार सर्रास होतो. भरवसा नसेल तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून ३१६ चे स्क्रू आणि बोल्ट स्वतः आणून कारागिराच्या हातात द्या. आयलेटही पितळी किंवा स्टेनलेसचं मागा, साध्या पत्र्याच्या आयलेटमधून एका पावसाळ्यात तपकिरी ओघळ येतात.

ड्रिल कुठे मारायचं

वर आरसीसीचा बीम असेल तर अँकर फास्टनर छान धरतो. नव्या टॉवरमध्ये भिंती बहुतेक हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या असतात आणि त्यात साधा प्लग काही दिवसांत सैल होतो. तिथे ब्लॉकसाठीचे खास प्लग किंवा आरपार बोल्ट लागतात. स्लॅबला खालून ड्रिल मारण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात विचारा, कारण काही टॉवरचे स्लॅब पोस्ट-टेन्शन असतात आणि त्यातल्या ताणलेल्या केबलला ड्रिल लागणं धोक्याचं आहे. गच्चीवर तर फरशीत भोक पाडूच देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की पाणी खालच्यांच्या छतातून टपकतं आणि भांडण वर्षानुवर्षं चालतं. भिंतीच्या किंवा पॅरापेटच्या बाजूने आधार घ्या.

भाड्याचं घर असेल तर ड्रिल टाळून दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा पाइप आणि त्यावर हलकी शेडनेट किंवा चिक, एवढ्यावर भागवा. जड पडदा अशा पाइपवर कधीच नको.

माप घेताना

रुंदी वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी मोजा. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. जुन्या इमारतींत या तीन मापांत इंच-दीड इंच फरक सहज निघतो. चौकटीच्या आत बसणाऱ्या पडद्याला सर्वांत लहान माप घ्यायचं. बाहेरून लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जास्त. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत फरक असला तर चौकट काटकोनात नाही, आणि झिपच्या पडद्याला ते चालत नाही, आधी पट्टी लावून सरळ करावं लागतं.

कबुतरांची जाळी असेल तर पडदा तिच्या आतल्या बाजूला येईल आणि रेलिंग, कपडे वाळत घालायचा स्टँड, जाळी या सगळ्यांत मिळून गुंडाळलेल्या पडद्याला किती इंच जागा उरते ते आधीच बघा. गुंडाळलेल्या चिकेवर आणि वरच्या उघड्या पेटीत कबुतरं घरटं करतात, म्हणून पेटी बंद मागा. जमिनीलगत एक-दीड इंच फट राहू द्या. झडीचं पाणी मोरीकडे वाहून जायला ती लागते.

परवानगी

गुंडाळता येणारा पडदा आणि काचेच्या स्लायडिंगने कायमची बंद केलेली गॅलरी यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी महापालिकेच्या नियमांचा प्रश्न येतो, कारण विकास नियंत्रण नियमावली २०३४ नुसार बांधकामाच्या क्षेत्रफळाचा हिशोब बदलू शकतो. पडद्यासाठीही सोसायटीच्या कमिटीकडून लेखी परवानगी घ्या. बऱ्याच सोसायट्या रंग ठरवून देतात आणि दर्शनी बाजू एकसारखी राहावी म्हणून ते योग्यही आहे. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे. तिथे राहणाऱ्यांनी दर्शनी बाजूला काहीही लावण्यापूर्वी नीट चौकशी करावी. ते गोल कोपरे आणि आडव्या पट्ट्या निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या पाहणं फार वाईट वाटतं.

कोटेशन

दर चौरस फुटाला सांगतात, पण हिशोब कसा धरला ते विचारा. अर्धा फूट वरचा पूर्ण फूट धरला जातो का, किमान क्षेत्रफळाचं बिल आहे का, पेटी, पन्हळ, बसवणावळ आणि उंच मजल्याची मचाण यात आहेत का? वॉरंटी कापडावर, मोटरवर आणि शिलाईवर वेगवेगळी लिहून घ्या. मोटर घेत असाल तर पावसाच्या तुषारांना टिकणारी, किमान आयपी ४४ ची, आणि वीज गेल्यावर हँडलने चालणारी घ्या. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्या सर्किटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. वाऱ्याचा सेन्सर असेल तर जोर वाढला की पडदा आपोआप वर जातो. दिवसभर घर बंद असणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी आहे.

मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते. मेच्या उत्तरार्धात सगळ्या कारागिरांकडे गर्दी असते आणि घाईत ड्रिल चुकीच्या जागी बसतं. मार्चमध्ये मापं, एप्रिलमध्ये बसवणं, आणि पहिल्या पावसाआधी पाइपने पाणी मारून चाचणी, असा बेत ठेवा. पाणी मारताना खालच्या मजल्यावर आधी सांगा, आणि तुमच्या पडद्यावरून निथळणारं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं का तेही त्याच वेळी बघून घ्या.

निगा

ओला पडदा गुंडाळून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके नंतर निघत नाहीत. वादळामुळे ओलाच गुंडाळावा लागला तर उघडीप मिळताच खाली सोडून वाळवा. धुताना साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. थिनर, रॉकेल आणि भांड्यांची घासणी पारदर्शक पीव्हीसीला लावली की तो कायमचा धुरकट होतो. समुद्राजवळच्या घरांनी महिन्यातून एकदा तरी सांगाडा गोड्या पाण्याने पुसून घ्यावा. झिपच्या पन्हळीत तेल घालू नका, धूळ चिकटून ती अडकते. सिलिकॉनचा स्प्रे मारा. नायलॉनच्या दोऱ्या उन्हाने कमकुवत होतात. दोरी धड दिसली तरी नख लावल्यावर भुकटी निघाली तर त्याच दिवशी बदला.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, पीव्हीसीचे पडदे उतरवून धुवा, दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा आणि मध्ये जुनी सुती चादर घालून गुंडाळा, म्हणजे उष्णतेने ते एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येक गुंडाळीवर डावा, मधला, उजवा असं मार्करने लिहून ठेवा.